सांबराचीं टाकलेलीं शिंगें

खानदेशांतील पुष्कळ जुन्या घरांत आजीच्या औषधांच्या पेटींत जायफळ, हळकुंड व वेखंड यांच्या शेजारीं एक करड्या रंगाचा खडबडीत तुकडा असे. त्यास सांबरशिंग म्हणत. मुलाच्या छातींत कफ दाटला किंवा पाय मुरगळून सूज आली, म्हणजे तो तुकडा सहाणेवर पाण्यांत उगाळून त्याचा लेप लावीत. आमच्यापैकीं ज्यांनीं तो लेप लहानपणीं सोसला आहे, त्यांतील कोणासहि त्या वेळीं असा प्रश्न पडला नाहीं, कीं हें शिंग ज्या जनावराचें, त्याचें पुढें काय झालें? पुष्कळांची समजूत अशीच, कीं ज्या अर्थीं शिंग मिळालें, त्या अर्थीं जनावर मेलें असलें पाहिजे. ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं व सर्वस्वीं खोटीहि नाहीं. ती किती खरी व किती खोटी हें पाहण्यासाठीं आम्ही गेल्या चैत्रांत सातपुड्यांत गेलों होतों. परंतु तेथील हकीकत सांगण्यापूर्वीं शिंग म्हणजे काय, हें समजून घेणें अवश्य आहे.

शिंग हा एकच शब्द आपण दोन अगदीं भिन्न वस्तूंना लावतों. गाय, बैल, म्हैस व शेळी यांचीं शिंगें बाहेरून पोकळ टोपीसारखीं असतात. ती टोपी आपल्या नखांच्या जातीच्या पदार्थाची असून आंत हाडाची खुंटी असते. असें शिंग जन्मभर टिकतें, त्यास फांटे फुटत नाहींत, आणि तें एकदां मुळांतून मोडलें तर पुन्हां येत नाहीं. काळवीट, चिंकारा, नीलगाय व चौशिंगा या प्राण्यांचीं शिंगें याच प्रकारचीं. आपण त्यांतील कांहींना हरिणें म्हणतों खरें, परंतु शास्त्रदृष्ट्या त्यांचा गोत्रसंबंध गाई-शेळ्यांशीं अधिक जवळचा आहे. सांबर, चितळ व भेकर यांची गोष्ट निराळी. यांचीं शिंगें आरपार भरीव हाडाचीं असतात, तीं केवळ नरासच येतात, आणि गळून पडून पुन्हां नवीं उगवतात. (उत्तर ध्रुवाकडील रेनडियर या एकाच जातींत मादीसहि शिंगें असतात.) पोळ्याला आपण बैलांचीं शिंगें घासून रंगवितों. बैल जर सांबराप्रमाणें वागता, तर ऐन पोळ्याच्या दिवशीं रंग लावण्यास हातीं कोंवळ्या, दुखर्‍या व केंसाळ गांठी आल्या असत्या. कारण श्रावण-भाद्रपदांत सांबराचीं नवीं शिंगें नुकतींच भरूं लागलेलीं असतात.

सांबराच्या शिंगांचा वर्षक्रम सामान्यतः असा असतो. मध्य भारतांतील बहुतेक नर मार्चअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे चैत्राच्या आसपास, शिंगें टाकतात. कवटीच्या हाडावर दोन आंखूड खुंट्या असतात, त्यांवर शिंग उभें असतें. माजाचा काळ संपला म्हणजे नराच्या रक्तांतील पौरुषद्रव्याचें प्रमाण उतरतें. तें उतरतांच खुंटी व शिंग यांच्या सांध्यावरील हाड शरीरच आंतून विरघळवूं लागतें. सांधा झिजत जातो आणि एके दिवशीं मानेच्या हिसक्यानें किंवा फांदीच्या धक्क्यानें शिंग खालीं पडतें. दोन्ही शिंगें एकाच क्षणीं पडतील असें नाहीं. एक आज, तर दुसरें दोन दिवसांनीं. मधल्या काळांत तो भला मोठा नर एका बाजूस कललेलें डोकें घेऊन फिरतो. खुंटीवर थोडें रक्त येतें, खपली धरते, आणि लवकरच नवी कातडी जखम झांकून टाकते.

त्यानंतर वैशाखापासून नवें शिंग वाढूं लागतें. या अवस्थेंत त्यावर मखमलीसारखी मऊ लव असलेली कातडी असून तिच्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. हात लावला तर तें ऊन लागतें, व दुखावलें तर त्यांतून रक्त वाहतें. पावसाळाभर नर दाट झाडींत जपून राहतो. दिवाळीच्या सुमारास हाड पुरें टणक होतें, कातडी सुकते, आणि नर झाडांच्या बुंध्यांवर घासून ती ओरबाडून काढतो. मग माजाचे दिवस व झुंजी, आणि चैत्र आला कीं पुन्हां तेंच. सस्तन प्राण्यांत एक संपूर्ण अवयव, हाड, कातडी व रक्तवाहिन्या यांसह, वारंवार मुळापासून पुन्हां उगवण्याचें याच्या तोडीचें दुसरें उदाहरण नाहीं. म्हणूनच मोडलेलीं हाडें व तुटलेले मज्जातंतू यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञहि या शिंगांकडे मोठ्या आशेनें पाहतात. इतकें हाड थोडक्या महिन्यांत घडवावयाचें, तर त्यास लागणारा चुना केवळ चार्‍यांतून पुरत नाहीं. नर आपल्याच बरगड्यांतून तो उसना घेतो व पुढें खाऊन फेडतो.

शिंगें कधीं टाकावयाचीं हें त्या प्राण्यास कसें कळतें? थंड देशांत याचें उत्तर दिवसाच्या लांबींत आहे. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ रिचर्ड गॉस यांनीं विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत सिका जातीचीं हरिणें बंदिस्त जागेंत ठेवून त्यांच्यावर दिव्यांच्या उजेडाचे प्रयोग केले. वर्षभरांतील दिवसांचें लहानमोठें होणें त्यांनीं सहा महिन्यांत उरकलें, तेव्हां हरिणांनीं वर्षांत दोनदां शिंगें बदललीं. उलट दिवस व रात्र कायम बारा-बारा तासांची ठेवली, तेव्हां पूर्ण वाढलेल्या नरांनीं शिंगें बदललींच नाहींत. आपल्याकडे दिवसाची लांबी तितकी बदलत नाहीं. म्हणून येथील जातींत शिस्त ढिली दिसते. चितळाचे नर वर्षाच्या जवळजवळ कोणत्याहि महिन्यांत शिंगें टाकतांना आढळतात, आणि एकाच कळपांत एकाचें शिंग टणक, दुसर्‍याचें लवेंतलें, तर तिसर्‍याचें डोकें बोडकें असें दृश्य दिसतें. कांहीं सांबरहि प्रतिवर्षीं नेमानें शिंगें टाकीतच असें नाहीं. वसंतांत शोधावयास जाणारानें म्हणून सांबराचाच भरंवसा धरावा.

असा शोध हा कांहीं देशांत मोठा छंद होऊन बसला आहे. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत जॅक्सन नांवाचें गांव आहे. त्याच्या लगत १९१२ सालीं स्थापन झालेलें एल्क नांवाच्या मोठ्या हरिणाचें राखीव कुरण आहे. (युरोपांत एल्क हें नांव दुसर्‍याच प्राण्याला, म्हणजे मूसला, देतात, जॅक्सनचा एल्क म्हणजे वापिटी. आपल्या काश्मिरांतील हंगुल हा त्याचा जवळचा आप्त होय.) हिवाळ्यांत हजारों एल्क त्या कुरणांत उतरतात व मार्च-एप्रिलांत तेथेंच शिंगें टाकून डोंगरांत निघून जातात. एल्कचें शिंग भर वाढीच्या दिवसांत रोज अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतें, व मोठ्या नराच्या जोडीचें वजन पंधरा किलोग्रॅमांहूनहि अधिक भरतें. त्या कुरणांत इतरांस शिंग उचलण्याची बंदी आहे. तेथील बालवीर रांगा धरून तीं गोळा करतात, आणि १९६८ पासून मे महिन्यांत गांवच्या चौकांत त्यांचा जाहीर लिलाव होतो. उत्पन्नाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग कुरणाच्या कामीं परत जातो. चौकाच्या चारी कोपर्‍यांवर शिंगांचींच रचलेलीं कमानदार द्वारें आहेत. आसपासच्या सरकारी रानांत मात्र १ मेपूर्वीं शिंगें शोधण्यास मनाई आहे. कारण हिवाळ्यानें खंगलेलीं जनावरें शोधणार्‍यांच्या वर्दळीनें पळूं लागलीं, तर अंगांत उरलेली थोडीशी चरबीहि खर्चून मरण्याचा संभव असतो.

आमच्या शाळेंतील अकरा विद्यार्थी व दोन शिक्षक हें सर्व वाचून उत्सुक झाले होते. जळगांव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्यांत यावलचें अभयारण्य आहे. तें १९६९ सालीं जाहीर झालें असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें १७७ चौरस किलोमीटर आहे. रावेर तालुक्यांतील पाल हें थंड हवेचें गांव त्याच्या कुशींत आहे, आणि सुकी व अनेर या नद्या त्याच भागांतून वाहतात. वनखात्याची रीतसर परवानगी काढून, एका वनरक्षकाच्या सोबतीनें, आम्ही पहांटे रानांत शिरलों. वाट दाखविण्यास एक वृद्ध पावरा गृहस्थ बरोबर होते. त्यांना आम्ही सर्वजण बाबा म्हणत होतों.

जॅक्सनच्या कुरणांत बर्फ वितळून गवत आडवें झालेलें असतें व शिंग दुरून दिसतें. सातपुड्यांत तसें नाहीं. चैत्रांत सागाचीं सर्व पानें खालीं येऊन गुडघ्याखालीं कुरकुरत असतात. अंजन व सालई यांच्या वाळक्या काटक्या सर्वत्र पडलेल्या. आणि सांबराच्या शिंगाचा रंग नेमका त्या काटक्यांसारखा. तीन वेळां आम्हीं फांदीस शिंग समजून आरोळी ठोकली. तिसर्‍या आरोळीनंतर बाबा हंसले व म्हणाले, ‘‘पोरांनो, सगळें शिंग शोधूं नका. नुसतें टोंक शोधा. फांदीचें टोंक कधीं गुळगुळीत नसतें.’’ ही एका वाक्यांतील शिकवण आम्हांस पुस्तकांत मिळाली नव्हती. शिंगाचें बूड व दांडा खडबडीत असतो, परंतु टोंकें झाडांवर व जमिनीवर घासून हस्तिदंतासारखीं पांढुरकीं व चकचकीत झालेलीं असतात. तीं उन्हांत चमकतात.

ग्रीक पंडित आरिस्टॉटल यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत लिहून ठेविलें आहे, कीं हरिणें दुर्गम व सांपडण्यास कठीण अशा ठिकाणीं शिंगें टाकतात, आणि यावरूनच त्याच्या देशांत तशी म्हणहि पडली होती. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. सांबरास उन्हाळ्यांत पाणी सोडून फार दूर जातां येत नाहीं, आणि याच दिवसांत मोहाचीं फुलें खाण्यास तें रात्रीं मोहाच्या झाडांखालीं येतें. म्हणून जेथें सुकलेल्या नाल्यांत एखादा डोह उरला आहे, जवळ मोह आहे, व दोहोंच्या मध्यें जनावरांची मळलेली वाट आहे, तेथें पाहणें शहाणपणाचें. आम्हांस शिंग सांपडलें तें अशाच वाटेवर, एका आडव्या पडलेल्या खोडाच्या पलीकडे. नरानें उडी मारली असावी व त्या धक्क्यानें तें सुटलें असावें.

तें उजव्या बाजूचें होतें. सांबराच्या प्रत्येक शिंगास सामान्यतः तीन टोंकें असतात: एक बुडापासून पुढें वळलेलें, आणि वरच्या शेंड्यास दोन. पुढें वळलेलें टोंक समोर धरलें असतां दांड्याचा बाक जिकडे झुकतो, त्यावरून डावें-उजवें ठरतें. बाहेरच्या बाकावरून दोरी लावून मोजतां लांबी ६८ सेंटिमीटर भरली. थोर नराच्या शिंगाच्या मानानें हें मध्यमच. चांगलें शिंग एक मीटरच्या आसपास जातें. आमच्यांतील एकानें तीन टोंकांवरून ‘‘हें तीन वर्षांचें सांबर’’ असा निकाल दिला. तो चूक आहे. पहिल्या शिंगास फांटा नसतो व पुढें दोन-तीन वेळां शिंगें बदलतां फांटे वाढतात, हें खरें. परंतु एकदां तीन झाले, कीं नर कितीहि म्हातारा झाला तरी संख्या बहुधा तितकीच राहते.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे बूड. टाकलेल्या शिंगाच्या बुडाशीं गांठींचें एक कडें असतें, व त्या कड्याच्या आंत थोडासा फुगीर, पोंवळ्यासारखा खरखरीत डाग असतो. तोच झिजलेला सांधा. मारलेल्या जनावराचें शिंग तोडलें असेल तर कड्याच्या खालीं खुंटीचा तुकडा, क्वचित् कवटीचें हाडहि चिकटलेलें दिसतें, किंवा करवतीची सपाट खूण असते. आमच्या शिंगाचा डाग स्वच्छ व फिकट होता. त्याचा मालक जिवंत होता व बहुधा त्याच डोंगरांत कोठेंतरी सावलीला बसला होता.

आतां एक कबुली दिली पाहिजे. तें शिंग शाळेंत आणून शास्त्राच्या खोलींत ठेवावें अशी आम्हां सर्वांची, शिक्षकांचीसुद्धां, फार इच्छा झाली. एका विद्यार्थ्यानें तर पिशवींतील भाकर्‍या काढून जागा केली. वनरक्षकानें शांतपणें मान हलविली. आम्हीं वाद घातला: जनावर मेलें नाहीं, कोणी मारलें नाहीं, तें त्यानें स्वतःच टाकलें आहे, मग आमचा गुन्हा कोणता?

त्याचें उत्तर कायद्यांत आहे, व कायद्यामागील कारण त्या आजीच्या पेटींत आहे. १९२७ च्या वनकायद्यानें रानांतील शिंगांस वनोपजच मानलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यांतून परवान्यावांचून कांहींहि उचलून नेतां येत नाहीं, आणि अशी सरकारी मालमत्ता कोणाच्या हातीं आली तर अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकार्‍यास कळवावें लागतें. उल्लंघनास तुरुंगवास व दंड आहे. पूर्वीं असें नव्हतें. इंग्लंडांतील शेफील्ड शहराच्या चाकू-सुर्‍यांना सांबरशिंगाच्या मुठी बसविण्याची फार जुनी चाल होती, व त्यासाठीं हिंदुस्थानांतून शिंगांचे ढीग जात. शिंगभस्म करणार्‍यांनाहि माल लागे. तें सर्व गळलेलेंच शिंग आहे असें प्रत्येक व्यापारी सांगे. परंतु मुठीवर किंवा उगाळण्याच्या तुकड्यावर बुडाचा डाग राहतो काय? डाग गेला, कीं गळलेलें व मारलेलें यांत भेद उरत नाहीं. एकाच्या आडून दुसरें खपूं लागलें, म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस गळलेल्या शिंगांची निर्यातहि बंद करण्यांत आली. शिवाय दक्षिणेंतील कांहीं रानांत शिंगें दिसावीं म्हणून पाचोळ्यास आग लावणारे निघाले. आपल्याकडे मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं झाडाखालीं लावलेली आग कशी पसरते, हें चैत्रांत सातपुड्यावर रात्रीं दिसणार्‍या तांबड्या माळांवरून पायथ्याच्या प्रत्येक गांवास ठाऊक आहे.

ज्या पालकांच्या घरीं आजोबांच्या वेळचें शिंग भिंतीवर आहे, त्यांनीं त्याचा दाखला आहे कीं नाहीं हें वनखात्याच्या कचेरींत विचारून घ्यावें. आणि मुलाच्या छातींत कफ भरून श्वास लागला असेल, तर सहाण बाजूस ठेवून दवाखाना गांठावा.

शिंग रानांत राहिलें तर वायां जातें, असेंहि आम्हीं म्हटलें होतें. त्यावर बाबांनीं थोड्या अंतरावर नेऊन दुसरें एक जुनें शिंग दाखविलें. तें उन्हापावसानें पांढरें पडलें होतें, त्यास भेगा गेल्या होत्या, आणि दांड्यावर शेजारीं-शेजारीं रुंद खांचा ओढलेल्या होत्या, जणूं कोणी लहान पटाशीनें तासलें आहे. तें काम साळिंदराचें. साळिंदराचे पुढचे दांत सतत वाढतात. ते झिजविण्यास व चुना मिळविण्यास तें शिंगें-हाडें कुरतडतें, बिळाशींहि नेऊन ठेवतें. उंदीरहि तेंच करतात. इतकेंच नव्हे, तर हरिणेंसुद्धां टाकलेलीं शिंगें चघळतात. त्यांनीं चघळलेलें टोंक बेचक्यासारखें दुभंगतें. बरगड्यांतून घेतलेलें कर्ज कधीं कधीं असें फिटतें. सातपुड्याच्या कोरड्या, दगडी जमिनींत स्फुरद व चुना असलेला हा पदार्थ पिशवींत भरून नेला, तर त्या जागीं तो पुन्हां कोण आणून टाकणार?

आम्हीं शिंगाचें चित्र काढलें, मापें लिहिलीं, जवळच्या अंजनाच्या झाडाची खूण टिपली, आणि तें होतें तेथें, टोंकें वर करून, ठेवलें. भाकर्‍या पुन्हां पिशवींत गेल्या.

मार्गशीर्षांत त्याच वनरक्षकाबरोबर आमच्यापैकीं चौघे पुन्हां त्या वाटेनें गेले. पावसाळ्यांत गवत वाढून गेलें होतें, व शिंग सांपडण्यास अर्धा तास लागला. तें मूळ जागेपासून सुमारें चाळीस पावलें खालीं, एका बिळाच्या तोंडाशीं होतें. पुढें वळलेलें टोंक बुडापर्यंत नाहींसें झालें होतें, दांड्यावर खांचाच खांचा होत्या, आणि दोरी लावली असतां लांबी ५३ सेंटिमीटर भरली. परत येतांना नाल्याच्या कांठीं एका सागाची साल छातीइतक्या उंचीवर ताजी सोललेली दिसली. तेथें चिकटलेली वाळकी लव अजून वार्‍यानें हालत होती.